कॉमेंट्री नंतर ऐका, आधी कॅमेरा कोणाचा ते बघा

भारत हरला की त्या रात्री ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो: ‘हे कॉमेंटेटर सगळे विकले गेलेत.’ दोन दिवसांनी भारत जिंकतो आणि तेच समालोचक पुन्हा घरचे होतात. त्यांच्यावर राग काढणं सोपं, कारण आवाज त्यांचाच ऐकू येतो. पण क्रिकेटच्या प्रक्षेपणात खरंखोटं काय दिसणार हे त्यांनी तोंड उघडायच्या बरंच आधी ठरलेलं असतं, मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे जिथून सगळं प्रक्षेपण चालवलं जातं त्या गाडीत.

एकच चेंडू घेऊन बघू. मोठ्या सामन्यात तीसच्या आसपास कॅमेरे चालू असतात आणि दिग्दर्शकासमोर त्या सगळ्यांच्या छोट्या चौकटींची भिंत असते. तो कॅमेऱ्याचा नंबर पुकारतो, शेजारचा व्हिजन मिक्सर बटण दाबतो आणि ते चित्र आपल्या घरी येतं. चेंडू पॅडवर आदळतो, अपील होतं, पंच मान हलवतो. तेवढ्यात रिप्लेच्या मशीनवर बसलेले ऑपरेटर आपापल्या ताब्यातल्या तीन-चार कॅमेऱ्यांचे तुकडे कापून तयार ठेवतात. वेगवान गोलंदाज परत रन-अपला जाईपर्यंत अर्धा मिनिट मिळतं, त्यात दोन रिप्ले बसतात, फार तर तीन. फिरकी चालू असेल तर एकच. बाकीचे तयार तुकडे कोणीच बघत नाही. त्यातल्या एखाद्यात बॅटची कड दिसत असेल, तर ती दिसली की नाही हे त्या अर्ध्या मिनिटात एका माणसाने ठरवलेलं असतं.

समालोचकाच्या कानात हेडफोन असतो आणि त्यातून दिग्दर्शकाचा किंवा निर्मात्याचा आवाज सतत येत असतो. हाताशी टॉकबॅकचं बटण असतं. ते दाबून ‘पाय रेषेबाहेर होता का, परत दाखवा’ असं तो व्हॅनला सांगू शकतो, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. दाखवायचं की नाही हा मात्र व्हॅनचा हक्क. टीव्ही समालोचनाचा पहिला धडाच असा की पडद्यावर जे आहे त्याबद्दल बोला. म्हणजे ज्या गोष्टीचा रिप्ले आला नाही, तिच्याबद्दल बोलणंही आपोआप टळतं. यात कोणी खोटं बोलत नाही. फक्त एक गोष्ट घडलीच नव्हती असं होऊन जातं.

केपटाउनच्या न्यूलँड्सवर चार वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की हे नीट समजतं. मार्च २०१८, दक्षिण आफ्रिका विरुद्ध ऑस्ट्रेलिया, तिसरी कसोटी. यजमान वाहिनीच्या कॅमेऱ्याने कॅमरन बँक्रॉफ्टच्या हातातला चेंडू घासायचा पिवळा तुकडा टिपला, तो त्याने चड्डीत लपवला तेही टिपलं, आणि मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर ते सगळ्यांनी पाहिलं. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर एक वर्ष, बँक्रॉफ्ट नऊ महिने बाहेर. तेव्हा समालोचन करत असलेले आफ्रिकेचे माजी गोलंदाज फॅनी डिव्हिलियर्स यांनी नंतर सांगितलं, की चेंडूवर काय चाललंय त्याकडे लक्ष ठेवा असं त्यांनीच कॅमेरावाल्यांना सुचवलं होतं. चित्र शंभर टक्के खरं होतं. पण कॅमेरा तिकडे वळवायचं आधी कोणीतरी ठरवलं होतं.

मग जानेवारी २०२२. तेच मैदान, तीच वाहिनी, समोर भारत. अश्विनच्या चेंडूवर पंच मराय इरॅस्मस यांनी डीन एल्गरला पायचीत दिलं. रिव्ह्यूमध्ये बॉल-ट्रॅकिंगने चेंडू यष्ट्यांवरून जाताना दाखवला आणि निर्णय फिरला. हे शक्यच नाही, असं खुद्द इरॅस्मस पुटपुटले. मग भारतीय खेळाडू यष्ट्यांतल्या माइकशी बोलायला लागले. जिंकायचे दुसरे चांगले मार्ग शोधा, असं अश्विनने थेट वाहिनीचं नाव घेऊन सुनावलं. कोहलीने, तुमची माणसं चेंडू चमकवतात तेव्हाही कॅमेरा तिकडे ठेवा, या अर्थाचं काहीतरी ऐकवलं.

माझ्या मते अश्विनचा राग चुकीच्या दारावर गेला आणि कोहलीचा टोमणा बरोबर दारावर. बॉल-ट्रॅकिंग करणाऱ्या हॉक-आयचे कॅमेरे वेगळे, ऑपरेटर वेगळे, कंपनी वेगळी. वाहिनी तिचं बिल भरते, पण चेंडूचा मार्ग वाहिनीचा माणूस काढत नाही. चेंडू टप्पा पडल्यानंतर पॅडवर लागेपर्यंत किती अंतर मोकळा दिसला, यावर पुढचा अंदाज ठरतो. ते अंतर कमी तितका अंदाज कच्चा, आणि त्यात न्यूलँड्सची उसळी. ‘अंपायर्स कॉल’ हा पट्टा त्या कच्चेपणासाठीच ठेवलाय. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागत असेल तर पंचाचा मूळ निर्णय कायम. लोकांना तो पळवाट वाटतो. मला तर सगळ्या प्रक्षेपणातली ती सर्वांत प्रामाणिक ग्राफिक वाटते, कारण आपल्याला नक्की माहीत नाही हे ती एकटीच कबूल करते.

कोहलीचा मुद्दा मात्र कॅमेरा कोणाकडे वळतो याचा होता, आणि त्याला कुठलंही यंत्र उत्तर देत नाही. यजमान वाहिनी पाहुण्यांच्या हातांकडे जास्त बघते ही तक्रार प्रत्येक देशाच्या पाहुण्यांनी केली आहे. आपल्याकडे आलेल्यांनीही.

व्हॅनचा हा अधिकार कमी करणारा एक बदल आयपीएल २०२४ मध्ये झाला आणि त्याची म्हणावी तशी चर्चाच झाली नाही. त्याआधी थर्ड अंपायर चित्र मागायचा ते प्रक्षेपणाच्या दिग्दर्शकाकडे. हॉक-आयच्या माणसांकडून दिग्दर्शकाकडे, तिथून पंचाकडे, अशी वरात. ‘स्मार्ट रिप्ले’ पद्धतीत हॉक-आयचे दोन ऑपरेटर थर्ड अंपायरच्याच खोलीत बसले आणि मधला दिग्दर्शक गेला. वेळ वाचला असं कौतुक झालं. खरा फायदा असा की पुराव्यातलं काय दाखवायचं हे आता मनोरंजन करणारा माणूस ठरवत नाही. ही व्यवस्था सगळीकडे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला के. एल. राहुल २६ वर खेळत होता. झेलाच्या रिव्ह्यूमध्ये रिचर्ड इलिंगवर्थ यांनी आणखी एक कोन मागितला, तो मिळाला नाही, आणि उरलेल्या चित्रांवर मैदानावरचा नाबादचा निर्णय फिरवून त्याला बाद दिलं गेलं. चेंडू बॅटला लागला की बॅट पॅडला लागली यावर वाद अजून चालू आहे. खरं तर वाद त्या न आलेल्या चित्राबद्दल व्हायला हवा.

‘दुसरी फ्रेम दाखवा ना’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, म्हणून थोडं गणित. साधा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. दोन फ्रेमच्या मध्ये चेंडू ७८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बॅटच्या कडेला तो टेकला तो क्षण त्या दोन फ्रेमच्या फटीत असू शकतो, त्यामुळे ‘ती फ्रेम’ कोणी लपवलेली नसते, ती नसतेच. सेकंदाला ३४० फ्रेमचा कॅमेरा लावला की हेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरवर येतं. धावचीतचंही तसंच. सेकंदाला सात मीटर धावणारा फलंदाज ५० फ्रेमच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमला १४ सेंटिमीटर सरकतो. एका फ्रेममध्ये बेल जागेवर आणि बॅट बाहेर, पुढच्या फ्रेममध्ये बेल उडालेली आणि बॅट आत. दोन्ही खऱ्या.

चेंडू बॅटला लागला का हे आवाजावरून ओळखणारं स्निको हे यंत्र तर माणसाच्या बोटावर चालतं. डिसेंबर २०२५ मध्ये ॲडलेडच्या ॲशेस कसोटीत ॲलेक्स कॅरी ७२ वर असताना जॉश टंगच्या चेंडूवर झेलाचं अपील झालं. स्निकोच्या आलेखात टोक दिसत होतं, पण चित्रात चेंडू अजून बॅटपाशी पोचलाच नव्हता. नाबाद. कॅरीने पुढे १०६ केल्या आणि चेंडू लागल्यासारखं वाटलं होतं असं संध्याकाळी सांगून टाकलं. यंत्र चालवणाऱ्या कंपनीने चूक कबूल केली: ऑपरेटरने चुकीच्या टोकाच्या यष्ट्यांचा माइक निवडला असणार. एवढंच. दोन माइकमधून एक निवडायचा होता. इंग्लंडला गमावलेला रिव्ह्यू परत मिळाला, विकेट अर्थातच नाही. पण कंपनीने लगेच कारणासकट चूक मांडली, हे प्रक्षेपणाच्या धंद्यात विरळा आहे.

वेग दाखवणाऱ्या आकड्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. जून २०२२ मध्ये आयर्लंडमधल्या टी-ट्वेंटीत भुवनेश्वर कुमारच्या चेंडूंचा वेग पडद्यावर ताशी २०१ आणि २०८ किलोमीटर आला. डिसेंबर २०२४ मध्ये ॲडलेडला सिराजचा १८१.६. विक्रमाच्या नोंदीत शोएब अख्तरचा २००३ च्या विश्वचषकातला १६१.३ आहे, तेव्हा हे आकडे हसण्यावारी गेले. पण २०८ दाखवणारं यंत्र त्याच षटकात १३७ च्या जागी १४२ दाखवत असेल, तर ते कोणाच्या लक्षात येणार? रडार वेग मोजतं तो चेंडू हातातून सुटतानाचा. टप्पा पडून फलंदाजापर्यंत येताना तो बराच उतरलेला असतो. म्हणून दोन मैदानांवरच्या, दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून ‘याचा वेग पाच किलोमीटरने पडलाय’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाकडे थोडं संशयाने बघावं.

जमिनीलगतच्या झेलांत फसवते ती लांब पल्ल्याची लेन्स. सीमेपलीकडून झूम केलेल्या चित्रात पुढचं-मागचं अंतर चेपलं जातं, बोटं आणि गवत एकाच पातळीवर आल्यासारखी दिसतात. त्यात संथगती लावली की चेंडू गवतावर रेंगाळतोय असं वाटतं. २०२३ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कॅमरन ग्रीनने घेतलेला शुभमन गिलचा झेल आठवा. एका कोनातून स्वच्छ, दुसऱ्यातून जमिनीला टेकलेला. तोवर मैदानावरच्या पंचाचा ‘सॉफ्ट सिग्नल’, म्हणजे थर्ड अंपायरला आधी कळवायचं त्याचं मत, नुकताच रद्द झाला होता, म्हणजे आधार काय तो या चित्रांचाच.

आता पैशाकडे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हा नियम समालोचनालाही लागू आहे आणि त्यात लपवण्यासारखंही फारसं उरलेलं नाही. भारतातल्या सामन्यांचं मूळ चित्रण बीसीसीआयच करवून घेतं. सुनील गावसकर मंडळाच्या करारावर समालोचन करत होते हे तर सर्वोच्च न्यायालयातच नोंदलं गेलं. २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना आयपीएलपुरतं मंडळाचं हंगामी अध्यक्षपद दिलं तेव्हा बुडणाऱ्या समालोचनाच्या कराराची भरपाई मंडळाने द्यावी, असंही सांगितलं. २०१३ मध्ये इयन चॅपेल यांनी भारतातल्या मालिकेचं समालोचन नाकारलं. डीआरएस (पंचाच्या निर्णयाचा रिव्ह्यू मागायची पद्धत), संघनिवड आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलायचं नाही, ही अट त्यांना मान्य नव्हती. गंमत बघा, भारत डीआरएसला विरोध करणारा एकटा मोठा संघ होता आणि त्यावरच बोलायचं नाही. (पुढे २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध राजकोटपासून आपण तो स्वीकारला आणि विषय आपोआप बोलण्याजोगा झाला.) रामचंद्र गुहा यांनी २०१७ मध्ये प्रशासक समितीचा राजीनामा देताना लिहिलेल्या पत्रात हाच हितसंबंधांचा मुद्दा आहे: जो खेळाडूंची व्यवस्थापन कंपनी चालवतो, त्यानेच त्या खेळाडूंवर समालोचन करावं का?

हर्षा भोगले २०१६ च्या आयपीएलआधी बाहेर गेले. त्यामागचं कारण त्यांनाही कळवलं नाही असं त्यांनी सांगितलं. संजय मांजरेकर मार्च २०२० मध्ये मंडळाच्या यादीतून गळाले, त्याचंही कारण जाहीर झालं नाही. २०१९ च्या विश्वचषकात जडेजाबद्दल त्यांनी वापरलेले शब्द आणि नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सवर गुलाबी चेंडू दिसण्यावरून त्यांनी भोगल्यांना थेट प्रक्षेपणात दिलेलं उत्तर, यांचा संबंध लोकांनी आपापला लावला. मला भोगल्यांशी ते बोलले ते अजिबात आवडलं नव्हतं. तरी कारण न सांगता माणूस काढला, की त्याच्यानंतर माइक हातात घेणारा प्रत्येक जण कारणाचा अंदाज बांधून स्वतःला आवरतो. मग लेखी अट घालावी लागत नाही.

प्रायोजकांची गोष्ट त्यामानाने निरुपद्रवी. पहिल्या आयपीएलांत षटकार गेला की ‘डीएलएफ मॅक्सिमम’ म्हणायचं, झेल म्हणजे ‘करबॉन कमाल कॅच’, आणि २०१० मध्ये आकाशात तरंगणाऱ्या एमआरएफच्या फुग्याकडे बघून गहिवरायचं. श्रोत्याला कळत होतं की ही जाहिरात आहे. जे ओळखू येतं ते खोटं फार नुकसान करत नाही.

हे ऑस्ट्रेलियाच्या रेडिओने १९३८ मध्येच दाखवून दिलं होतं. ॲशेस इंग्लंडमध्ये, समालोचक सिडनीच्या स्टुडिओत. मैदानावरून तारा यायच्या, त्यावरून चेंडू चेंडू रंगवून सांगायचा, लाकडावर पेन्सिल आपटली की बॅटचा आवाज, आणि प्रेक्षकांचा गलका तबकडीवरून. ऐकणाऱ्यांना हे नाटक ठाऊक होतं आणि तरी ते रात्र रात्र जागायचे. २०२० मध्ये यूएईतल्या रिकाम्या मैदानांवर आयपीएल झाली तेव्हा असाच साठवलेला गलका वाजवला गेला. इंग्लंडमध्ये फुटबॉल परत सुरू झाला तेव्हा स्काय वाहिनीने गलक्यासह आणि गलक्याशिवाय असे दोन्ही पर्याय दिले. निवड हातात दिली की फसवणूक उरत नाही.

फसवायचंच ठरवलं तर किती कमी सामानात भागतं ते गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूरने दाखवलं. जुलै २०२२ मध्ये पोलिसांनी तिथली बनावट ‘आयपीएल’ बंद केली. एक शेत, त्यावर खेळपट्टी आणि हॅलोजनचे दिवे, पाच कॅमेरे, सामन्याला चारशे रुपयांवर उभे केलेले शेतमजूर आणि बेरोजगार पोरं, इंटरनेटवरून उतरवलेला गलका, आणि हर्षा भोगल्यांच्या आवाजाची नक्कल करणारा एक जण. यूट्यूबवर प्रक्षेपण, सट्टा लावणारे रशियात. ‘उपांत्यपूर्व फेरी’पर्यंत गाडी पोचली होती. पंचाला वॉकी-टॉकीवर सूचना यायच्या, मग तो गोलंदाज-फलंदाजाला खुणावायचा. एवढ्या खोट्यातही त्यांना एक भोगले लागलाच.

आता आपल्याकडे. मुंबई, रायगड, कोकणात टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर मराठी समालोचनासह चालतात आणि चांगल्या चालतात. तिथे खरेपणा राखायला मोठं बजेट लागत नाही, जागा बरोबर लागते. नेहमीची चूक म्हणजे धावचीतचा कॅमेरा यष्ट्यांच्या रेषेत लावणं. तो लावायचा पॉपिंग क्रीझच्या रेषेत, म्हणजे यष्ट्यांपासून १.२२ मीटर पुढे. नाहीतर तिरक्या नजरेत हवेतली बॅट रेषेच्या आत आहे की बाहेर ते चुकीचं दिसतं. तिपाईच्या पायाखाली चुन्याची खूण करा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कोणी धक्का दिला तर कळेल. झूम नको. थेट प्रक्षेपण बहुधा ३० फ्रेमने जातं, त्यात धावणारा फलंदाज फ्रेममागे २३ सेंटिमीटर सरकतो, तेव्हा त्यावर निर्णय देऊ नका. दुसऱ्या मोबाइलवर १२० किंवा २४० फ्रेमने वेगळं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि पंचाला ते दाखवा. शटर हाताने १/१००० सेकंदावर ठेवा. १/५० वर ताशी ११० चा चेंडू ६० सेंटिमीटरची रेघ होऊन दिसतो. ढगाळ संध्याकाळी १/१००० ला उजेड पुरत नाही. अशा वेळी चित्र अंधारं आहे असं पंचाला सांगायचं आणि निर्णय मैदानावरचाच ठेवायचा.

धावफलकाची पट्टी ॲपमधून लगेच बदलते आणि चित्र वीस-तीस सेकंद मागून येतं. मग गोलंदाज धावत असतानाच खाली चार धावा वाढलेल्या दिसतात, आणि बघणाऱ्याला सामना आधीच ठरल्याचा संशय येतो. पट्टीलाही चित्राइतकाच उशीर द्या. समालोचक आयोजकांचा भाऊ असेल तर पहिल्या षटकात सांगून टाका, लोक हसतील आणि पुढे ऐकतील.

२०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल बारा भाषांत आणली, त्यात मराठीही होती. मराठी समालोचनाच्या पेटीत बोलणारा केदार जाधव हंगामाच्या मधेच बेंगळुरूच्या संघात खेळायला गेला, म्हणजे कालपर्यंत ज्यांचं गुणगान-उणंदुणं करायचं त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये. स्टुडिओतून पडदा बघून बोलणाऱ्याची अडचण अशी की त्याला आपल्याहून एक इंचही जास्त दिसत नाही. क्षेत्ररक्षण कुठे हललं ते कॅमेऱ्याने दाखवलं तरच कळतं. ‘इथून दिसत नाहीये’ असं सरळ म्हणणारा समालोचक मला त्यांच्यात सर्वांत भरवशाचा वाटतो.

आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत समालोचन करायचे त्या काळात पडदाच नव्हता, सगळा सामना एका माणसाच्या जिभेवर. वाटेल ते सांगता आलं असतं. पण स्टेडियममध्ये लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे, डोळ्यांसमोर खेळ आणि कानात कॉमेंट्री. चेंडू कव्हरला गेलेला असताना कोणी मिडविकेट म्हटलं, तर ते आधी हसायचे.